पावसाळ्यात एसईएमचा फिलामेंट पंचवीस तासांत उडतो. लॅब-सिक्स बसवावा का?

अबोली_लॅब
नमस्कार मंडळी. मुंबई उपनगरातल्या एका कॉलेजच्या लॅबमधलं साधं, टंगस्टन फिलामेंटवर (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तारेवर) चालणारं एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आहे. टर्बो पंप, त्याच्या मागे तेलाचा रोटरी पंप. नोंदवहीतले आकडे देते.

जानेवारी ते मे: फिलामेंट ७० ते ९० तास टिकतो. गनपाशी (फिलामेंट बसतो तिथे) व्हॅक्यूम ६ गुणिले दहाचा उणे सहा घात मिलिबार.
१५ जूननंतर: २२ ते २८ तास. व्हॅक्यूम २ गुणिले दहाचा उणे पाच घात.

नेहमी २० किलोव्होल्ट, एमिशन (तारेतून सुटणारा इलेक्ट्रॉनचा करंट) ११० मायक्रोॲम्पिअरच्या आसपास. हीटिंगच्या नॉबवर मार्करने खूण केलेली आहे, सगळे तिथपर्यंत फिरवतात. नमुना बदलताना चेंबर खोलीतल्याच हवेने भरून व्हेंट होतं, दिवसाला सहा-सात वेळा. एसी संध्याकाळी सहाला बंद होतो, चिलर (यंत्रात थंड पाणी फिरवणारा) मात्र रात्रभर १८ अंशांवर चालू असतो.

फिलामेंटचा पुरवठादार बदललेला नाही. विभागात मत असं पडतंय की टंगस्टनचा नाद सोडावा आणि लॅब-सिक्स (तारेऐवजी लॅन्थनम हेक्झाबोराइडचा स्फटिक) बसवावा, तो हजार तास जातो. करावं का तसं? आणखी एक, गेल्या महिन्यापासून चित्र अंधुक येतंय, एमिशन तेवढंच असून. दोन्हीचं मूळ एकच असेल का?

निर्वातप्रेमी
मेलेले फिलामेंट फेकलेत की ठेवलेत? ठेवले असतील तर स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ४० पटीला बघा आणि तुटलेली जागा कशी दिसते ते लिहा. निम्मं निदान तिथेच होतं. दोन्ही टोकं गुळगुळीत निमुळती होत गेली असतील तर तो वयाने गेला, म्हणजे टंगस्टन हळूहळू उडून तार झिजली. टोकांना गोल मणी असतील तर वितळला. तार खरखरीत, कुरतडल्यासारखी असेल तर हवा नाहीतर पाणी. वेनेल्टच्या टोपीच्या (फिलामेंटवर बसणाऱ्या, मध्ये भोक असलेल्या टोपीच्या) आतल्या बाजूला कसला रंग बसलाय तेही सांगा.

अबोली_लॅब
पाच आहेत. तिघांची तार वाकणाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत आणि पातळ. दोघांना मणी. टोपीच्या आत, भोकाभोवती निळं-जांभळं कडं, त्याच्या बाहेर पिवळट.

जुना_व्हॉल्व्ह
निळं आणि पिवळं म्हणजे टंगस्टनची ऑक्साइडं. पिवळं पुरतं ऑक्सिडाइज झालेलं, निळं अर्धवट. नुसतं टंगस्टन उडून बसलं असतं तर कडं करडं-काळं दिसलं असतं. गनमध्ये पाणी आहे, अबोलीताई.

ही गोष्ट बल्बवाल्यांना शंभर वर्षांपूर्वी कळून चुकली होती. अर्व्हिंग लँगम्यूरने दाखवलं की बल्ब काळा पडायला पाण्याच्या वाफेचा नुसता मागमूस पुरतो. तापलेल्या तारेवर पाण्याचा रेणू फुटतो. ऑक्सिजन टंगस्टनला धरतो, ते ऑक्साइड वाफ होऊन गार काचेवर बसतं. सुटा झालेला अणुरूप हायड्रोजन काचेपाशी पोचून त्याच ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, की झालं परत पाणी. टंगस्टन काचेवर राहिलं आणि पाणी पुढच्या खेपेला मोकळं! ते खर्चच होत नाही. एसईएममध्ये पंप सतत ओढत असतो, म्हणून हे चक्र बल्बइतकं पुरं होत नाही. पण भिंतींवरून नवं पाणी सुटतच राहतं, तारेच्या दृष्टीने तेच ते.

आता मुंबईच्या हवेचा हिशेब. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेत पाण्याच्या वाफेचा दाब साधारण ३४ मिलिबार असतो. म्हणजे व्हेंट करताना जी हवा आत सोडता तिचा तिसावा भाग पाणी. २४ अंश आणि ५५ टक्के ठेवलं तर १६ मिलिबार, निम्म्याहून कमी. नायट्रोजन-ऑक्सिजनला पंप मिनिटांत बाहेर काढतो. पाणी धातूला चिकटतं आणि तासन्‌तास सुटत राहतं. बेक न केलेल्या (तापवून न सुकवलेल्या) यंत्रात उणे पाच-उणे सहाच्या पट्ट्यात गेज जो आकडा दाखवतो, तो बहुतेक पाण्याचाच. दिवसातून सात वेळा व्हेंट म्हणजे सात वेळा भिंती ओल्या करणं.

तरी गळती नाही ना, याची एकदा खातरजमा करा. फिलामेंट आणि हाय व्होल्टेज बंद करून, पंपाकडचा व्हॉल्व्ह मिटून, वीस मिनिटं दर मिनिटाला गेज लिहा. आलेखात दाब सरळ रेषेत चढतच राहिला तर गळती. सुरुवातीला चढून मग वाकत सपाट होत गेला तर ओल. तुमच्या आकड्यांवरून ओल वाटते, कारण गळतीला जून महिना कळत नाही.

रोटरीचं तेल काचेतून बघा. दुधाळ दिसलं तर बदला. गॅस बॅलास्ट (तेलातली वाफ घालवायला पंपात थोडी हवा सोडणारा व्हॉल्व्ह) पावसाळ्यात रोज अर्धा तास उघडा ठेवायचा, तोही पंप चांगला गरम झाल्यावर, काम सुरू करायच्या आधी. फोरलाइन ट्रॅपमध्ये (दोन पंपांमधल्या नळीतल्या सापळ्यात) झिओलाइट (वाफ शोषणारे दाणे) असेल तर ते आत्तापर्यंत पाणी पिऊन तुडुंब झालेलं असणार. पुस्तिकेत दिलेल्या तापमानाला भाजून काढल्याशिवाय तो ट्रॅप नसल्यात जमा.

आणि तो चिलर. ३० अंश, ८० टक्क्यांना दवबिंदू २६ अंश येतो. एसी बंद, खोली बाहेरच्या हवेवर आलेली, आणि लेन्सच्या कॉइलमधून १८ अंशांचं पाणी फिरतंय. नळ्यांवर, लेन्सच्या कवचावर दव धरणारच. एसी चोवीस तास चालवून २४ अंश, ५५ टक्के राखलं तर दवबिंदू १४ वर येतो, मग १८ चा चिलर बिनधास्त चालू द्या. विजेच्या बिलावरून कुरकुर झाली तर दोन्ही बंद करा. एक बंद आणि एक चालू, हे सगळ्यांत वाईट. टर्बो पाण्याने थंड होत असेल तर चिलर बंद करता येणार नाही, तेव्हा एसी चालू ठेवण्याला पर्याय नाही.

हेअरपिन
व्हॉल्व्हकाकांशी सहमत. पण पाचांतल्या दोघांना मणी आहेत, त्याचं काय? ते पाण्याने होत नाहीत. ते नॉबवरच्या मार्करने होतात.

तापलेल्या धातूतून किती इलेक्ट्रॉन सुटतील ते रिचर्डसनच्या सूत्रावरून निघतं (त्यालाच १९२८ चं नोबेल). तापमानाचा वर्ग, त्याला गुणिले एक घातांकी पद, आणि त्या पदात वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) भागिले केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान). टंगस्टनचं वर्क फंक्शन ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. स्थिरांक ६० धरून मांडा: २७०० केल्विनला दर चौरस सेंटीमीटरमागे १.७ ॲम्पिअर, २८०० ला ३.७. शंभर केल्विनमध्ये दुपटीहून जास्त, वा! पण टंगस्टनचा अणू पृष्ठभागावरून सुटायला इलेक्ट्रॉनच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते, म्हणून त्याच शंभर केल्विनला बाष्पीभवन जवळजवळ चौपट होतं. पाऊण आयुष्य देऊन दुप्पट इलेक्ट्रॉन, आणि गंमत अशी की ते जादा इलेक्ट्रॉन बीममध्ये येतच नाहीत. वेनेल्टचा ऋण बायस (तारेच्या मानाने टोपीवरचा ऋण व्होल्टेज) एमिशनच्याच करंटवर चालतो. एमिशन वाढलं की तो करंट बायसच्या रेझिस्टरमधून जातो, टोपी आणखी ऋण होते आणि इलेक्ट्रॉनना मागे दाबते. सॅच्युरेशनचा, म्हणजे हीटिंग वाढवूनही बीम न वाढण्याचा, सपाट भाग येतो तो यामुळे. त्यापुढे नॉब फिरवून फक्त तार जळते.

आता मार्कर. तार झिजली की तिचा रोध वाढतो. तोच करंट दिला तर ती नव्या तारेपेक्षा जास्त तापते, म्हणजे जुन्या फिलामेंटचं सॅच्युरेशन कमी करंटला येतं. खूण केली नव्या तारेवर आणि विसाव्या तासालाही तिथेच फिरवताय. उन्हाळ्यात तार सावकाश झिजते म्हणून ही चूक खपून जाते. पावसाळ्यात पाणी तिला पातळ करतं आणि मार्कर वितळवतो.

बरोबर पद्धत: हाय व्होल्टेज लावल्यावर हीटिंग शून्यापासून एक-दोन मिनिटं घेऊन वाढवा, नजर एमिशनवर किंवा नमुन्याच्या करंटवर. आधी एक खोटं शिखर येतं, मग थोडी घसरण, मग पुन्हा चढ आणि सपाटी. पुष्कळ जण खोट्या शिखरावरच थांबतात, त्यांना मंद आणि डळमळता बीम मिळतो. खरी सपाटी जिथे सुरू होते त्या गुडघ्यावर थांबायचं, किंचित अलीकडे राहिलात तरी हरकत नाही. यंत्रात फिलामेंटचं चित्र दाखवायची सोय असेल तर मधला ठिपका आणि भोवतीचं कडं मिसळून एक भरीव चकती झाली की पुरे. दर आठ-दहा तासांनी गुडघा नव्याने शोधा.

काम झाल्यावर हीटिंग खाली आणून निदान दहा मिनिटं थांबा, मगच व्हेंट. तार गरम असताना हवा आत घेतली तर त्या दिवसाचं आयुष्य त्या एका चुकीत गेलं.

निर्वातप्रेमी
एक भर. नवा फिलामेंट बसवताना टोपीच्या भोकात तो मध्यावर हवा आणि आतली खोली यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाची. ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी बायस आणि एमिशनचं गणित बदलतं. जवळ आला की एमिशन भरपूर पण आयुष्य कमी, लांब गेला की बीम निघता निघत नाही. बसवल्यावर पहिल्यांदा तापवताना दहा-पंधरा मिनिटं टप्प्याटप्प्याने, व्हॅक्यूम प्रत्येक टप्प्याला सावरू द्या.

टोपीवरचं निळं कडं काढायला अमोनियाचं पातळ द्रावण, फ्यूम हूडमध्ये. टंगस्टनची ऑक्साइडं त्यात विरघळतात. उरलंसुरलं बारीक ॲल्युमिनाच्या लेपाने घासा, मग डिस्टिल्ड पाण्यात अल्ट्रासोनिक, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग ओव्हनमध्ये कोरडं. भोकाच्या कडेला कापसाचा एक धागा राहिला तरी हाय व्होल्टेजला ठिणग्या पडतात. हातमोजे घालूनच, बोटाचं तेल महिनाभर त्रास देतं.

आता लॅब-सिक्सकडे येऊ. लॅन्थनम हेक्झाबोराइडचं वर्क फंक्शन २.७ च्या आसपास, म्हणून १८०० केल्विनलाच भरपूर इलेक्ट्रॉन. ब्राइटनेस टंगस्टनच्या दहापट, ऊर्जेचा फैलाव दोन-अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून एकच्या घरात. पाचशे-हजार तास जातो हेही खरं. पण तो उणे सातचा व्हॅक्यूम मागतो. त्यासाठी गनला वेगळा आयन पंप आणि कॉलममध्ये (बीमच्या नळीत) गन चेंबरपासून तोडणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह लागतो. ऑक्सिजन आणि पाणी त्याच्या पृष्ठभागाला विष आहे. सध्याच्या तुमच्या २ गुणिले उणे पाचला तो लावलात तर हजार तासांचा हिशेब विसरा, आणि एका स्फटिकाच्या पैशांत टंगस्टनची खोकीच्या खोकी आली असती. वर तो ठिसूळ. सावकाश तापवा, सावकाश थंड करा. हाताला टंगस्टनची सवय लागलेल्या माणसाने झटक्यात नॉब फिरवला की स्फटिकाला तडा.

म्हणून आधी पाणी, मग वाटलं तर लॅब-सिक्स.

अबोली_लॅब
समजलं. मग फील्ड एमिशनचा विषय काढूच नये ना? एका सरांना तेही हवंय.

जुना_व्हॉल्व्ह
ते वेगळं यंत्रच असतं, त्याची गन तुमच्या कॉलमवर चढत नाही. कोल्ड फील्ड एमिशनमध्ये तार तापवायची नसते. शंभरेक नॅनोमीटर त्रिज्येच्या टंगस्टन टोकापाशी दर नॅनोमीटरला काही व्होल्ट एवढं क्षेत्र उभं करतात, तेव्हा पृष्ठभागाची भिंत इतकी पातळ होते की इलेक्ट्रॉन तिच्यातून बोगदा काढल्यासारखे निसटतात. सिद्धांत फाउलर आणि नॉर्डहाइमचा, १९२८ चाच. फैलाव ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पण व्हॅक्यूम उणे दहाचा, आणि तिथेही टोकावर वायूचे अणू बसत राहतात. करंट उतरत जातो, थरथरतो, मग टोक क्षणभर तापवून साफ करावं लागतं, त्याला फ्लॅशिंग म्हणतात. शॉट्की गन ही तापलेली तार आणि कोल्ड फील्ड एमिशन या दोन्हींच्या मधली: टोकावर झिर्कोनियम ऑक्साइड, १८०० केल्विन, वर जोरदार क्षेत्र, उणे नऊचा व्हॅक्यूम. ती वर्षानुवर्षं बंद करायची नसते, त्यामुळे आयन पंप आणि गन यूपीएसवर हवीत आणि मागे जनरेटर. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती तसं काही झालं तर अर्ध्या तासाचा यूपीएस कुठे पुरणार?

दहा-वीस नमुने अगदी बारीक बघायचे असतील तर पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (तिथल्या सामाईक विश्लेषण-उपकरणांच्या केंद्रात) बाहेरच्यांसाठी सोय आहे. गन विकत घेण्यापेक्षा ते परवडतं.

डायनोड_१०
अंधुक चित्राबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. एमिशन ११० मायक्रोॲम्पिअर म्हणजे बीम तेवढा, असं नाही. त्यातला बहुतेक भाग ॲनोड आणि अॅपर्चर (बीम बारीक करणारी छिद्रं) खातात, नमुन्यावर पिकोॲम्पिअर ते नॅनोॲम्पिअर पोचतो. तेव्हा आधी बीम मोजा. ग्रॅफाइटच्या ठोकळ्याला दोन-तीन मिलिमीटर खोल भोक, त्यावर १०० मायक्रोमीटर छिद्राची प्लॅटिनम चकती: झाला फॅरडे कप. बीम छिद्रात सोडा आणि स्टेजचा करंट पिकोॲमीटरवर वाचा. नुसत्या सपाट धातूवर मोजू नका, त्यातून दुय्यम आणि मागे फिरणारे इलेक्ट्रॉन निसटतात आणि आकडा कमी येतो. जुन्या नोंदीशी ताडून बघा. कपातला करंट पूर्वीइतकाच आणि चित्र अंधुक, तर गन निर्दोष आणि डिटेक्टर दोषी. करंटच कमी असेल तर गनची अलाइनमेंट आणि अॅपर्चरची घाण बघा.

एव्हरहार्ट-थॉर्नली डिटेक्टर (१९६०) म्हणजे इलेक्ट्रॉन सुटण्याचे आणखी दोन प्रकार एका नळीत. नमुन्यातून ५० इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे दुय्यम इलेक्ट्रॉन निघतात, तेही वरच्या काही नॅनोमीटरमधूनच. २००-३०० व्होल्टची जाळी त्यांना ओढते, मग १० किलोव्होल्टने ते सिंटिलेटरवर आदळतात, प्रकाश निघतो, तो लाइट गाइडमधून फोटोमल्टिप्लायरकडे जातो. तिथे प्रकाशाने फोटोकॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतो आणि डायनोड नावाच्या पट्ट्यांवर आपटत, दर वेळी आणखी इलेक्ट्रॉन सोडवत वाढत जातो. प्रत्येक डायनोडला चारपट धरली तर दहा डायनोडना दहा लाखांच्या वर.

यात म्हातारं होतं ते सिंटिलेटर. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्याचा उजेड उतरत जातो, वरचा ॲल्युमिनिअमचा पातळ थर खरवडला गेला की आणखीच. खूण अशी की चित्र पूर्वीसारखं दिसावं म्हणून फोटोमल्टिप्लायरचा व्होल्टेज महिन्यागणिक वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे वाढतात. पावसाळ्याचा वेगळा रोग आहे: १० किलोव्होल्टच्या कड्यावर ओल धरली की गळती होऊन तो व्होल्टेज पुरता पोचतच नाही. तपासायला बीम बंद करा, कॉन्ट्रास्ट चढवा, पडदा काळा राहतो का बघा. पांढऱ्या रेघा, ठिणग्यांसारखे ठिपके दिसले तर कडं आणि इन्सुलेटर हाय व्होल्टेज बंद करून, डिस्चार्ज करून, अल्कोहोलने पुसून कोरडे करा. म्हणजे अबोलीताई, मूळ एकच, म्हणजे ओल, असू शकतं, पण ते फिलामेंटमध्ये नसेल.

ठाणे_स्लो
अवांतर: चित्राच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसत असतील तर गनला दोष देऊ नका, खिडकीबाहेर बघा. १९२५ पासून मुंबईच्या लोकलला १५०० व्होल्ट डीसी होता, तेव्हा गाडी सुटली की चित्र सरकायचं. आता २५ किलोव्होल्ट एसी आहे, म्हणून ५० हर्ट्झचे दाते. स्कॅन विजेच्या ५० हर्ट्झशी सिंक केला की दाते एका रांगेत बसतात आणि दिसेनासे होतात. पाच किलोव्होल्टच्या खाली जास्त त्रास, कारण मंद इलेक्ट्रॉन जास्त वळतात.

अबोली_लॅब
दाते नाहीत, सुदैवाने. गळतीची चाचणी केली: दाब चढून बाराव्या मिनिटापासून सपाट. ओलच आहे. खोलीतल्या हवेऐवजी कोरड्या नायट्रोजनने व्हेंट करायचं म्हटलं तर एका सिलिंडरला किती व्हेंट? चेंबर वीस लिटरचं.

निर्वातप्रेमी
मोठा सिलिंडर ७ घनमीटरचा, म्हणजे ७००० लिटर. चेंबर भरायला २० आणि दार उघडं असताना मंद झोत चालू ठेवायला ३० असे एका खेपेला ५० लिटर धरा. १४० व्हेंट, तुमच्या वेगाने वीस दिवस. दार तीन मिनिटांपेक्षा जास्त उघडं नको. पुढचा नमुना स्टबवर (नमुन्याच्या बैठकीवर) चिकटवून, सुकवून हाताशी ठेवा. ओला कार्बन टेप, पूर्ण न वाळलेली सिल्व्हर पेस्ट, सच्छिद्र नमुने हेसुद्धा पाणीच घेऊन आत जातात. सच्छिद्र असेल तर आदल्या रात्री डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात).

रेग्युलेटर ०.२ बारच्या वर नको, आणि लाइनवर सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर चेंबरचं दार अंगावर उघडतं. सिलिंडर खोलीबाहेर, साखळीने बांधून. ३ बाय ४ मीटरच्या बंद एसी खोलीत, ३ मीटर उंची धरून, सबंध सिलिंडर गळाला तर ऑक्सिजन २१ वरून १७ टक्क्यांवर येतो आणि नायट्रोजनला वास नसतो. नळी सिलिकॉनची किंवा रबराची घेऊ नका, तिच्यातून बाहेरची ओल आत झिरपते. स्टेनलेस किंवा टेफ्लॉन घ्या. आणि तो नॉबवरचा मार्कर स्पिरिटने पुसून टाका.